गॅलरीचा माणूस

रविवार, ४ मे

काल काय झालं ते आधी क्रमाने लिहून ठेवते. नंतर जो तो आपापल्या सोयीने सांगेल.

१. मोसमातला शेवटचा सामना होता. बरोबरी झाली असती तरी आम्ही वरच्या गटात गेलो असतो.
२. सामना संपत आला तेव्हा बरोबरीच होती.
३. चेंडू कप्तानाच्या पायात होता. आसपास कोणी नव्हतं. त्याने तो मागे गोलकीपरकडे ढकलला. पास तोकडा पडला.
४. गोलकीपर पुढे धावला. समोरच्यांचा खेळाडू त्याच्याआधी पोचला. गोल झाला.
५. आम्ही हरलो.
६. कप्तान टीव्हीवर म्हणाला, "कीपरने जागा सोडायला नको होती. पोरगा आहे, शिकेल."
७. गोलकीपर माझा धाकटा भाऊ आहे.

सातवा मुद्दा घालू नये असं आधी वाटलं. त्याने पहिले सहा बदलत नाहीत. पण मी कुठल्या बाजूला उभी राहून पाहते आहे, हे कुठेतरी नोंदलेलं असावं.

क्लबाची फाटकं, तिकिटं आणि कार्डं माझ्याकडे असतात. उत्तर फाटकावरच्या कॅमेऱ्यात मैदानाची ती बाजू दिसते, आणि चित्रण पाहायला मला कोणाला विचारावं लागत नाही. मी पाहिलं. पास तोकडाच होता. मैदान ओलं होतं, आणि ओल्या मैदानावर चेंडू कुठे थांबतो हे त्या माणसाला झोपेतही सांगता येईल. त्याने चूक केली आणि ती माझ्या भावाच्या नावावर लिहिली.

मंगळवार, ६ मे

धाकटा खोलीबाहेर येत नाही. त्याचे ग्लव्हज न्हाणीघरातल्या बादलीत शनिवारपासून पडून आहेत. पाणी चहाच्या रंगाचं झालंय. आईने हात लावला नाही, मीही नाही.

आई दाराशी उभी राहून म्हणाली, "अरे, दोन घास खा. उपाशी राहून काय गोल परत जाणार आहे?"

आतून आवाज आला, "आई, प्लीज."

"प्लीज काय प्लीज. दार उघड, ताट घे, मग पुन्हा लाव."

त्याने दार उघडलं, ताट घेतलं, पुन्हा लावलं. एरवी मला हसू आलं असतं.

बसमध्ये कंडक्टरच्या हातून तिकिटांचं बंडल पडलं. कंडक्टर निवृत्तीला आलेला. मागच्या सीटवरून दोघं एका सुरात म्हणाले, "पोरगा आहे, शिकेल." अख्खी बस हसली. ते वाक्य आता सगळ्यांचं झालंय.

ऑफिसात कळलं की प्रशिक्षक नवा कीपर शोधताहेत. धाकट्याचा करार महिनाअखेर संपतो. इथून काढलं तर त्याला दुसरीकडे कोण घेणार? तो गोल प्रत्येकाच्या फोनवर आहे.

कप्तानाचाही करार महिनाअखेरच संपतो. वय बघता तो टांगणीलाच आहे. हे इथे लिहून ठेवते.

गुरुवार, ८ मे

कप्तानाचं कार्ड बंद केलं. खेळाडूंच्या फाटकावर त्याला लाल दिवा लागला. कारणाच्या रकान्यात "तांत्रिक तपासणी" असं लिहिलं.

तो माझ्या खिडकीशी आला. "माझं कार्ड चालत नाही."

"अर्ज द्या."

"कुणाकडे?"

"चिटणिसांकडे."

"ते रजेवर आहेत ना?"

"मग ते येईपर्यंत थांबा. तोवर उत्तर फाटकाने या. तिथे कार्ड लागत नाही, रखवालदार ओळखतो तुम्हाला."

त्याने कार्ड खिशात घातलं. मग म्हणाला, "तुझा राग बरोबर आहे."

"राग नाही. कार्ड आहे."

उत्तर फाटकासमोर सलून आहे आणि त्याच्या ओट्यावर आमच्या उत्तर गॅलरीतले जुने समर्थक दिवसभर बसलेले असतात. त्यांच्या जिभेला हाड नाही. महिनाअखेरपर्यंत सराव आहे. रोज त्यांच्यासमोरून जाऊ दे.

सोमवार, १२ मे

आजपासून मतदान.

संघातल्या सगळ्या खेळाडूंमधून समर्थक वर्षाचा खेळाडू निवडतात. त्याला आमच्याकडे "गॅलरीचा माणूस" म्हणतात. क्लब बंद पडायच्या बेतात होता तेव्हा लोकांनी स्वतः येऊन उत्तर गॅलरीचे बाक ठोकले, मैदान सावरलं, आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली. वर्षातून एक माणूस आम्ही निवडू, त्याला पुढचा मोसमभर कोणी काढायचं नाही. ते कलम अजून आहे. प्रशिक्षक दातओठ खातात, पण पाळतात.

कप्तान दोनदा गॅलरीचा माणूस झालेला आहे. या वर्षी झाला तर राहील. नाही झाला तर जाईल.

ज्याच्याकडे मोसमाचं कार्ड, त्याला एक मत. पूर्वी सलूनमध्ये पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात चिठ्ठ्या पडायच्या. मी क्लबात लागले तेव्हा तो डबा काढला आणि मतदान फोनवर आणलं. कोणी कोणाला मत दिलं हे मोजणीपर्यंत मलाही दिसत नाही. कुठल्या इंटरनेट जोडणीवरून किती मतं आली, एवढंच दिसतं. एकाच जोडणीवरून पन्नासच्या वर आली तर यंत्रणा ती बाजूला काढते. ती धरायची की बाद करायची हे तंत्रज्ञाने ठरवायचं. तंत्रज्ञ म्हणजे मी.

चिटणीस रजेवरून आले. म्हणाले, "भाऊ उमेदवारांत आणि बहीण मोजणीवर. लोक बोलतील गं."

"मग दुसऱ्या कोणाला द्या."

"दुसरं आहे कोण? आणि तुझ्याइतकी कोरडी मुलगी मी पाहिलेली नाही. तू सख्ख्या आईलासुद्धा तिकिटाशिवाय आत सोडायची नाहीस."

"नव्हतंच सोडलं."

"तेच म्हणतोय मी."

कप्तानाने कार्डाचा अर्ज दिला का, हे मी त्यांना सहज विचारलं. नाही म्हणाले. तक्रारही नाही. यात काहीतरी आहे.

मी कोणाचंही मत बदलणार नाही. एकही नाही. पण त्या माणसाची जिरवायची आहे, आणि ती नियमात बसवूनच जिरवायची आहे.

गुरुवार, १५ मे

उत्तर फाटकाचं फिरतं दार अडकत होतं म्हणून गेले. कप्तान सलूनच्या ओट्यावर बसला होता. शेजारी चार-पाच म्हातारे, एक रिक्षावाला. मला पाहून सगळे गप्प झाले. कप्तान उठला आणि मैदानाकडे निघून गेला.

सलूनवाल्याने आतून हाक मारली. "इंजिनीअरबाई, आमचा डबा कुठे टाकलात? भंगारात?"

"स्टोअरमध्ये आहे."

"चिठ्ठी पडली की टप्प आवाज यायचा. आता म्हणे बोट लावायचं, की झालं. झालं की नाही ते देवाला ठाऊक."

"मला ठाऊक असतं."

"तीच तर पंचाईत आहे."

मी विचारलं, "हे इथे काय करत बसतात?"

"कप्तान? तुमच्याच कृपेने रोज इथून जातो. पहिल्या दिवशी आमच्या मंडळींनी त्याची सालटी काढली. दुसऱ्या दिवशी तो थांबला. आता बसतो, आणि येईल त्याच्याशी बोलतो."

"काय बोलतो?"

त्याची कात्री थांबली. "ते तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय. तुम्ही मोजणीवर." पुन्हा कात्री सुरू झाली. "एवढंच सांगतो. तो म्हणतो, टीव्हीला एकदा सांगून मोकळा झालो, आता एकेकाला बसून सांगावं लागतंय."

खुर्चीतले आजोबा तोंडावर साबण घेऊन म्हणाले, "सांगू दे की. त्याच्या छातीवरचा धोंडा आहे तो."

"आजोबा, हलू नका. कान जाईल."

म्हणजे प्रचार. एकेकाला धरून मत मागतोय. धोंडा म्हणजे करार. त्यात न कळण्यासारखं काही नाही.

रविवार, १८ मे

ग्लव्हज बाल्कनीत वाळत होते. स्वच्छ. धाकटा पहाटे उठून बाहेर जातो असं दिसतंय. केस कापलेत, कानांमागे पार उघडं पडलंय. असं कापणारं सलून एकच आहे. त्या ओट्यावर कोण बसतं हे त्याला माहीत नसेल असं नाही. हा मुलगा फार साधा आहे.

भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "परवा कप्तान आला होता."

"कुठे?"

"आपल्याकडे. जिन्यात उभा होता. आत ये म्हटलं तर येईना. बूट मात्र काढून ठेवले आणि मोज्यांवर उभा राहिला, वेड्यासारखा."

"मग?"

"मग धाकटा गेला बाहेर. बोलले दोघं. बराच वेळ बोलले."

"काय बोलले?"

आईने देठ मोडला. "तुला सांगू नको म्हणालाय. ताई मोजणीवर आहे, तिला उगाच अडचण होईल."

"मग सांगू नकोस."

"अगं, ऐकून तर घे. तो माणूस—"

"आई, नको म्हटलं ना."

"बापावर गेलीस. डोक्यात एकदा शिरलं की घण घातला तरी निघत नाही."

त्याने धाकट्याला काय सांगितलं असेल याचा अंदाज येतो. तोंड बंद ठेव, मी वर शब्द टाकतो. धाकट्याला ते खरं वाटलं म्हणून ग्लव्हज धुतले. या गोष्टीचा हिशोब मी वेगळा धरणार आहे.

गुरुवार, २२ मे

नवा कीपर मैदान पाहायला आला होता. उंच आहे. पाहुण्याचा पास मीच काढून दिला, नाव नीट विचारून घेतलं. जाताना त्याने आभार मानले.

सलूनच्या जोडणीवरून मतं येतच आहेत.

सोमवार, २६ मे

काल मतदान संपलं. यंत्रणेने एकच गठ्ठा बाजूला काढला आहे. उत्तर फाटकासमोरचं सलून, मतं ४१८.

मागच्या वर्षीही तिथून गठ्ठा आला होता. तेव्हा मी सलूनवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला होता, "डबा नेलात तरी माणसं इथेच येतात, बाई. अर्ध्यांना फोन कळत नाही. कार्ड काढतात, मी माझ्या फोनवर लावून देतो, बोट ते लावतात." कार्डं पडताळली, खरी होती, मी मतं धरली.

या वर्षी फोन केला नाही.

चिटणिसांनी विचारलं, "सलूनचं काय करतेस?"

"नियमाने बाद होतात."

"मागच्या खेपेला?"

"मागच्या खेपेला उमेदवार ओट्यावर बसून मतं मागत नव्हता."

ते काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "तू ठरवशील ते. लेखी दे." मी लेखी दिलं.

यंत्रणेने विचारलं, नक्की बाद करायची? मी होकार दिला. बरं वाटलं. घरी येऊन पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवले. आई माझ्याकडे पाहत राहिली.

बुधवार, २८ मे

निकाल क्लबाच्या सभागृहात वाचला. मी पडद्याच्या बाजूला, आकडे दाखवायला.

डावीकडून खेळणारा आमचा आघाडीवीर, ज्याला सगळे डावखुरा म्हणतात, त्याला १,१०६. तो या वर्षीचा गॅलरीचा माणूस.

दुसरा धाकटा. १,००९.

मला वाटलं होतं, त्याला चेष्टेची शंभरेक मतं पडतील आणि लोक हसतील. कोणी हसलं नाही. उत्तर गॅलरीतली मंडळी मागे उभी होती. धाकट्याचा आकडा वाचला तेव्हा त्यांनी टाळ्या सुरू केल्या. "दुसरा क्रमांक" हे शब्द आले आणि टाळ्या मध्येच थांबल्या. सलूनवाला शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलला, मग थेट माझ्याकडे पाहत राहिला.

कप्तानाला ६३.

ज्या माणसाने दोन आठवडे ओट्यावर बसून प्रचार केला, त्याला ६३. त्यात बाद झालेली ४१८ मिळवली तरी ४८१ होतात. तो कसाही हरलाच असता. माझ्या निर्णयाची गरज नव्हती. हे गणित मी तिथेच उभ्या उभ्या केलं. दुसरं गणित, धाकट्याच्या आकड्याचं, केलं नाही.

कप्तान आपल्या जागेवरून उठला, खुर्च्यांच्या रांगेतून वाट काढत धाकट्यापाशी गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. धाकट्याने तो झटकला नाही.

शनिवार, ३१ मे

काल दोन्ही करारांचं कळलं. कप्तानाला ठेवत नाहीत. मला हवं होतं ते झालं.

धाकट्यालाही ठेवत नाहीत. नव्या कीपरने सही केली.

धाकटा बाल्कनीत बसून बुटांचा चिखल काढत होता. मी शेजारी बसले.

"ताई, सलूनची मतं धरली नाहीस?"

"बाद झाली."

"झाली की केलीस?"

मी त्याचा दुसरा बूट उचलून चिखल काढू लागले.

"मागच्या वर्षी धरली होतीस ना?"

"मागच्या वर्षी वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"

"त्या माणसाने तुझं वाटोळं केलं, धाकट्या."

"केलं होतं. मग जिन्यात येऊन रडला. एवढा मोठा माणूस, मोज्यांवर उभा राहून रडला. रोज पहाटे माझ्याकडून सराव करून घेत होता, तुला काय वाटलं, मी फिरायला जात होतो?" त्याने बूट आपटून माती पाडली. "कुणाला दिली मतं, हे एकदा तरी विचारलंस त्या लोकांना?"

"मतं गुप्त असतात."

तो हसला. रागाने हसला असता तर मला सोपं गेलं असतं. "खरंय. तुला सांगू नका असं मीच म्हटलं होतं. म्हटलं, ताईला अडचण नको. ती सरळ मोजेल, तेवढं पुरे."

मी म्हणाले, "उमेदवाराला हरकत घेता येते. लेखी दे, गठ्ठा समितीसमोर उघडावा लागेल."

"मी नाही देणार."

"का?"

"लोकांनी आपणहून दिली होती. आता मी दारात उभा राहून परत मागू? आणि बहिणीने बाद केली म्हणून लिहून देऊ? नाही जमणार." बूट पिशवीत घातले, त्यावर ग्लव्हज, वर चेन ओढली. "सोमवारपासून मामाच्या दुकानात बसतोय. तो कधीचा बोलावतोय."

आई आतून म्हणाली, "चहा ठेवलाय. भांडून झालं असेल तर या."

"भांडत नाहीये आई," तो म्हणाला. तेही खरं होतं.

दुसऱ्या गणितासाठी मला एक गोष्ट माहीत असायला हवी. ती ४१८ माणसांना माहीत आहे, सलूनवाल्याला माहीत आहे, माझ्या आईला आणि भावाला माहीत आहे. मला ती ज्याने केली त्याच्याकडूनच हवी आहे.

सोमवार, २ जून

धाकटा सकाळी मामाच्या दुकानात गेला. डबा घेऊन.

मी कप्तानाचं कार्ड सुरू केलं. कारणाचा रकाना रिकामा ठेवला. तो आज कपाट मोकळं करायला आला होता. खेळाडूंच्या फाटकावर हिरवा दिवा लागला असता, पण तो उत्तर फाटकानेच आला आणि तिकडूनच गेला. कॅमेऱ्यात दिसलं की ओट्यावरची सगळी मंडळी उभी राहिली. एकाने त्याच्या हातातलं खोकं घेतलं.

खालचं पत्र दुपारी त्याच्या घरी पाठवलं. प्रत इथे उतरवून ठेवते.

"माजी कप्तान यांस,

तुमचे कार्ड ८ मे रोजी मी बंद केले होते. तांत्रिक कारण नव्हते.

उत्तर फाटकासमोरील सलूनच्या जोडणीवरून आलेली ४१८ मते बाद करण्याचा निर्णय माझा होता. मागच्या वर्षी मी तशीच मते पडताळून धरली होती. या वर्षी पडताळली नाहीत. ती अजून उघडलेली नाहीत. कोणाही उमेदवाराने लेखी हरकत घेतली तर समितीसमोर उघडावी लागतात, आणि त्याने निकाल बदलला तर करारही बदलावा लागतो. हरकत आली नाही तर शुक्रवारी, ६ जूनला, ती पुसली जातील. तंत्रज्ञाला हरकत घेता येत नाही. माझा भाऊ घेणार नाही. तुम्ही उमेदवार होता.

पास तोकडा होता. त्याबद्दलचे माझे मत बदललेले नाही.

मला एकच विचारायचे आहे. सलूनमध्ये बसून तुम्ही लोकांना कोणाला मत द्यायला सांगत होता?

हरकतीचा कागद सोबत जोडला आहे. सही कुठे करायची तिथे खूण केली आहे. उत्तर आणि सही गुरुवार, ५ जूनपर्यंत मिळावी. मी खिडकीशी असेन."